सपाटीवरची कात्रेल

किल्ली पूर्ण फिरवली आणि काहीच झालं नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. बॉनेटखाली कुठेतरी खट् झालं, म्हातारं माणूस खुर्चीतून उठायला जातं आणि अर्ध्यावर विचार बदलून पुन्हा टेकतं, तसं. मग सगळं शांत. जुलैची सकाळ होती, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, भातखाचरांवरचं धुकं फाटकापर्यंत आलेलं. मागे माहेफाची व्हॅन सुरू होऊन उभी होती, तिच्यात कुणाच्या तरी लग्नाच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. माहेफा म्हणजे माझा जावई. खुर्च्या आणि मांडव भाड्याने देतो. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "बघा बाबा, घाई नाही." या त्याच्या घाई नाहीची मी धास्तीच घेतली आहे. माणसाने हॉर्न वाजवावा, दोन शिव्या द्याव्यात; त्याला उत्तर देता येतं. सगळं आयुष्य टॅक्सी चालवली, हॉर्नला उत्तर देणं हाच माझा धंदा होता. पण समजूतदार माणसापुढे काय करायचं? मी पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी खट्सुद्धा झालं नाही. शेवटी माहेफाने आणि त्याच्या दोन गड्यांनी माझी कात्रेल, माझी जुनी टॅक्सी, हातांनी ढकलत फाटकाबाहेर नेली, आणि मी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरून तिच्या बाजूने चालत राहिलो. लोक कामावर निघाले होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर मला या किल्लीची ओळखच नव्हती. अर्ध्या किल्लीची होती. अर्धी फिरवली की आतला तांबडा दिवा लागतो, बस, तेवढंच मला लागायचं. पुढचं काम उतार करायचा. आम्ही वर राहत होतो, अंतानानारिव्होच्या वरच्या वस्तीत, जिथे सरळ जमीन म्हणजे फक्त चर्चचं अंगण आणि मेलेल्यांच्या कबरी. तिथे गाडी नाक खाली करून लावायची असते, हे मुलांना बाराखडीआधी कळतं. पुढच्या चाकाखाली दगड. सकाळी दगड काढायचा, आत बसायचं, अर्धी किल्ली, क्लच दाबायचा, गाडीला चार घरं घरंगळू द्यायचं आणि क्लच सोडायचा. गाडी खोकते, एक उसळी घेते आणि सुरू होते. बॅटरीत धुगधुगी असली तरी पुरते. आणि सुरू केलीच पाहिजे असंही नाही. उतरणीला इंजिन बंद ठेवून, नुसत्या वाऱ्याच्या आवाजात गिऱ्हाइकाला खाली बाजारापर्यंत नेऊन सोडण्यात जी मजा होती ती सांगून कळायची नाही. प्रत्येकाचा दगड ठरलेला. माझा काळपट, एका बाजूने चपटा, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला. कुणी चुकून उचलला तर संध्याकाळी परत आणून द्यायचा, दुसऱ्याची टोपी परत द्यावी तसा. खाली राहायला आलो तेव्हा मी तो बरोबर आणला. लेकीच्या अंगणात, जिथे पाणी सांडलं तर कुठे जावं ते त्याला कळत नाही अशा सपाट अंगणात, मी रोज संध्याकाळी चाकाखाली दगड लावतो. माहेफाने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "बाबा, जमीन पळून जाईल म्हणून का?" हाच काय तो त्याने केलेला एक विनोद. मला तो आवडला होता.

खाली येण्याचं कारण बाकुलीचे गुडघे. बाकुली माझी बायको. आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत पायऱ्या, रस्त्यापासून तिच्या ठेल्यापर्यंत पायऱ्या, ठेल्यापासून नळापर्यंत पायऱ्या. त्या पायऱ्यांच्या तोंडाशी बसून तिने आयुष्यभर मुफू गासी विकले. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचे गोल, जाडसर घावन, कोळशावरच्या साच्यात दोन्ही बाजूंनी भाजलेले. पहाटे तिच्या साच्यातून निघालेला वास पायऱ्या उतरत जायचा आणि त्या वासाला धरून लोक पायऱ्या चढत यायचे. मग एक दिवस ती मधल्याच पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "तू पुढे हो, मी जरा देवाशी बोलते." ती देवाशी बराच वेळ बोलली. लांतूने, आमच्या लेकीने, ते पाहिलं आणि त्या मे महिन्यात आम्हांला खाली आणलं. "आता पुरे, आई," लांतू म्हणाली, "आता बस. विकणं बंद." बाकुलीने मान हलवली. ती मान हलवते तेव्हा त्याचा अर्थ हो असतो असं लांतूला अजून वाटतं.

खाली सगळं चांगलं आहे. नळ घरात, फरशी गुळगुळीत, भात वेळेवर, जेवल्यावर त्याच्या खरवडीत उकळलेलं गरम पाणी. कशाबद्दल तक्रार करू? पण पहिले काही आठवडे मला झोपेत पाय टेकायला जागा सापडत नसे. वर आमच्या खोलीची जमीनसुद्धा किंचित कललेली होती, पलंगाच्या एका पायाखाली विटेचा तुकडा होता. इतक्या वर्षांत शरीराने तो कल आपला म्हणून घेतला होता. इथे मी आडवा झालो की वाटायचं, आपल्याला कुणीतरी टेबलावर ठेवून दिलंय. दिवसा अंगणात उभा राहिलो की समोर भातखाचरं, पलीकडे नदीचा बांध, आणि मान वर केली की लांब टेकडीवर आमची वस्ती, विटकरी, एकमेकींच्या खांद्यांवरून डोकावणारी घरं. जूनमध्ये एकदा गाडी घेऊन वर गेलो होतो. धाकटा भाऊ राबे अजून तिथेच राहतो, माझ्या जुन्या उताराला लागूनच. मी गाडी नाक खाली करून लावली, खाली उतरलो आणि हात नकळत दगडाकडे गेला, तेव्हा मी नाक असं ओढलं की राबेने विचारलं, "सर्दी झाली का रे, दादा?" मग म्हणाला, "शेजारची खोली रिकामी आहे. ये इथेच गाडीसकट. वहिनी राहू दे लेकीकडे, रविवारी भेटत जा." मी म्हटलं, बघू. नुसतं बघू म्हटलं. पण बघू म्हणून परत आल्यावर मी टेकडीकडे जरा जास्तच बघायला लागलो.

आणि आता गाडी रोज सकाळी मेलेली. म्हणजे रोजच नव्हे. दोन दिवस मेलेली, एक दिवस कण्हत कुंथत उठलेली. दिवसभर तिला पळवून आणावी, संध्याकाळी ती फुरफुरत अंगणात यावी, आणि सकाळी पाहावं तर बॅटरी कुणीतरी पिऊन टाकलेली. बॅटरी नवी होती. मी झाफीला बोलावलं. झाफी म्हणजे आमच्या वरच्या वस्तीतला गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, माझ्याच वयाचा, कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून झोपतो अशी त्याची ख्याती. तो आला, आधी कॉफी प्याला, बाकुलीचे मुफू खाल्ले, मग बॉनेट उघडलं. त्याची रीत साधी आहे. बॅटरीवरची एक केबल काढायची आणि केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा दिवा जोडायचा. गाडी बंद, किल्ली खिशात. तरीही गाडीत कुठे काही गुपचूप वीज खात असेल तर दिवा लागतो. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला दिवा विझला, तिकडे चोर.

दिवा लागलाच नाही.

"स्वच्छ आहे," झाफी म्हणाला. "तुझ्यापेक्षा स्वच्छ."

"मग रात्री वीज जाते कुठे?"

"बॅटरी नवी आहे, तरुण आहे. फिरायला जात असेल."

"झाफी, थट्टा नको."

"बरं, थट्टा नको. डायनामोचा कटआउट बघतो, कधी कधी चिकटून बसतो तो, मग बॅटरी उलटी गळते." त्याने कटआउट पाहिला, घासला, पुन्हा बसवला. स्टार्टरची तार पाहिली. हॉर्न काढून हातात घेऊन हलवला. दारात बसून तांदूळ निवडणाऱ्या बाकुलीला म्हणाला, "वहिनी, गाडीत काही नाही. मालकालाच एकदा दिवा लावून बघतो."

"बघा ना," बाकुली तांदळातून वर न बघता म्हणाली. "रात्री तोही गळतो. सकाळी उठतो तेव्हा अंगात जीव नसतो."

मी हसलो. पण तिचं ते बोलणं मला कापडात अडकलेल्या कुसळासारखं टोचत राहिलं. कारण ते खरं होतं. मीसुद्धा संध्याकाळी बरा असायचो आणि सकाळी रिकामा. झोपेत काय खर्च होत होतं? मला स्वप्नं पडायची, पण त्यांत काही घडायचं नाही; फक्त मी गाडीत बसलेलो, गाडी उतरणीला घरंगळतेय, इंजिन बंद, दोन्ही बाजूंनी ओळखीची घरं वर सरकतायत आणि मी क्लच सोडतच नाही. सोडायचंच नाही. असंच खाली, खाली. जाग आली की बाजूला बाकुलीची जागा मोकळी असायची. ती पहाटे उठते, आयुष्यभराची सवय. अंगणातून तिच्या चपलांची फरफर, गाडीचं मागचं दार उघडल्याची कुरकुर, आणि मग कोळशाचा वास. विकणं बंद असलं तरी घरच्यांपुरतं पीठ ती रोज आंबवतेच. तिची हंडी रात्री माझ्या गाडीत झोपते. वर होतो तेव्हापासून. तिथे एका खोलीत उंदीर आणि माणसं आणि हंडी एवढ्यांना जागा नव्हती, म्हणून गाडीच्या मागच्या भागात एक लाकडी खोकं, त्यात जुनी गोधडी, त्यात हंडी. मी त्या खोक्याला कधी हात लावला नाही. बाकुलीच्या आईच्या घराण्यात फादी आहे, कडक निषेध: आंबायला ठेवलेल्या पिठावर पुरुषाची नजर पडायची नाही, नाहीतर ते रुसतं. झाकण तर सोडाच, आमच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, हंडी जिथे असेल तिथे तू डोकं घालायचं नाहीस. मला गंमत वाटली होती. पण फादी ही फादी. माझ्या घराण्यात आम्ही डुक्कर खात नाही, तिने कधी का म्हणून विचारलं नाही. मीही विचारलं नाही. झाफीलाही ते ठाऊक. त्याने सगळी गाडी तपासली, मागे गेला, खोकं पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे धरून परत आला.

मग मी एकटाच रोज दुपारी दिवा जोडून बसू लागलो. एकदा दाराच्या फटीतला स्विच काढला, एकदा वायपरची मोटर. काहीही करा, दुपारी दिवा विझलेला आणि सकाळी बॅटरी मेलेली. दिवसा साधू, रात्री चोर. धुक्याने वायरी ओल्या होत असतील, ही सखल जागाच वाईट, असं मी माहेफाला ऐकवलं. तो म्हणाला, "असेल, बाबा. घाई नाही." त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, जुन्या गाड्या जमवतात, त्यांना रंग देऊन प्रदर्शनात ठेवतात, ते एकदा फाटकाशी थांबून माझ्या कात्रेलकडे बघून गेले होते. माहेफा त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याचं न बोलणं मी मनातल्या मनात इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मीच ठरवून टाकलं: शनिवारी गाडी वर न्यायची. राबेकडे. गाडीला उतार पाहिजे, गाडीला दगड पाहिजे. गाडी वर राहील, आणि गाडीला बघायला मी. बाकुलीला काय सांगायचं ते मी रोज रात्री जुळवत असे. थोडे दिवस, हिवाळा संपेपर्यंत, असं काहीतरी. आम्ही कधी एका रात्रीसाठीही वेगळे झोपलो नव्हतो, लांतूच्या जन्माच्या वेळचं सोडलं तर. ती वाक्यं अंधारात छान जमायची आणि सकाळी, तिने समोर कॉफी ठेवली की, त्यांतलं एकही तोंडातून निघायचं नाही. तेव्हा कळायचं की मला गाडीतला बिघाड सापडायला नकोय. सापडला तर वर जायला कारण उरणार नाही. हे कळल्यावर मला स्वतःचा फार राग आला, आणि तरी दुपारी दिवा विझलेला दिसला की आतून कुठेतरी बरं वाटत राहिलं.

गुरुवारी दुपारी असाच दिवा जोडून बसलो होतो, तेवढ्यात लांतूने आतून हाक मारली की नळ गळतोय. घरातली गळती निदान डोळ्यांना दिसते, म्हणून मी उत्साहाने गेलो. वायसर बदलला, हात धुतले, जेवलो, आणि बॅटरीला जोडलेला दिवा साफ विसरलो. शुक्रवारी सकाळी आठवण झाली तसा धावत बाहेर आलो. बॉनेट उघडलं. धुक्यात, केबल आणि बॅटरीच्या मधोमध, दिवा लागलेला होता. चांगला लख्ख. मी बघत राहिलो. इतके दिवस ज्याच्या मागे होतो तो चोर समोर उभा होता आणि मी पायजम्यात. आणि मग, मी बघत असतानाच, मागे दाराची कुरकुर झाली, बाकुली हंडी घेऊन चपला फरफरत स्वयंपाकघराकडे गेली, आणि दिवा विझला. तेव्हाही मला काही कळलं नाही. मला वाटलं, माझ्या नजरेनेच विझला. दिवा काढला, केबल बसवली, किल्ली पूर्ण फिरवली. गाडी पहिल्या हाकेला सुरू झाली, कधी काही झालंच नव्हतं अशा थाटात. माहेफाने व्हॅनमधून अंगठा दाखवला.

नाश्त्याला मुफू बसके होते. चव तीच, पण पापुद्रा घट्ट, आत जाळी नाही. दगडालाही लाजवतील असे. आम्ही चौघंही ते चावत होतो. बाकुलीच्या हातचे मुफू कधी बसत नाहीत. तिने स्वतः एक मोडून पाहिला, वास घेतला आणि पुटपुटली, "रात्रभर ऊबच मिळाली नाही याला."

"कसली ऊब?" मी विचारलं.

"कसली म्हणजे? खाली थंडी जास्त आहे. खा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात. पण कळसा काखेत आहे हे कळायलाही एक क्षण जातोच. तो क्षण माझ्या तोंडात घास असताना आला. रात्रभर दिवा जळला आणि गाडी सुरू झाली. रात्रभर दिवा जळला आणि पीठ फुगलं नाही. माझ्या दिव्याने कुणाच्या तरी वाटची वीज अडवून धरली होती. मी उठलो. बाकुली कोळशाशी होती. हंडी स्वयंपाकघरात होती, म्हणजे खोकं रिकामं, म्हणजे फादी मोडत नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोक्यात डोकं घातलं.

आत गोधडीच्या घडीत एक होल्डर होता. बल्ब काढून बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवलेला, म्हणून दिवसा माझा दिवा लागत नसे. साधा छोटा बल्ब नव्हे, ब्रेकच्या दिव्याचा मोठा, गोल, हातात धरला तर चटका देणारा. होल्डरची वायर खोक्याच्या भोकातून निघून मागच्या खांबावरून छताच्या अस्तरात गेली होती. मी बोटाने तिचा माग काढत गेलो. अस्तराखाली ती एका जुन्या पिवळ्या वायरीला जोडलेली होती, आणि ती पिवळी वायर मी ओळखली. टपावरच्या टॅक्सीच्या पाटीची. परवाना परत केला त्या दिवशी मी पाटी उतरवली, वायर कापली आणि आत खुपसून दिली. तिच्यात जीव तसाच राहिला होता, फ्यूजला न विचारता थेट बॅटरीतून येणारा. टॅक्सी संपली होती, पण त्या तारेला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि जोड. जोडावर टेप नव्हती. मेणबत्तीचं मेण ओतून वर सुती कापडाची पट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीला गाठ. दोन वेढे, एक टोक उलटं खोचलेलं. मुफूच्या पुड्यांना बाकुली मारते ती गाठ; ओढली की सुटते, नाही ओढली तर जन्मभर टिकते. मेण जुनं होऊन पिवळं पडलं होतं. म्हणजे किती हिवाळे? वरच्या त्या सगळ्या हिवाळ्यांत, मी झोपलेलो असताना, माझ्या गाडीच्या पोटात एक दिवा जळत होता आणि बाकुलीचं पीठ फुगत होतं, आणि सकाळी मी तेच मुफू खाऊन, दगड काढून, उतारावरून मजेत खाली जात होतो. निम्मी बॅटरी मी रोज नाश्त्याला खात होतो आणि मला पत्ता नव्हता. पूर्ण किल्ली मी फिरवलीच नाही ना कधी.

मी गाडीच्या मागच्या फळीवर बसून राहिलो. राग आला का? शोधला, पण सापडला नाही. मला वाटत होतं, गाडीतल्या वायरी एवढी एक गोष्ट माझी एकट्याची आहे. ती दारात बसून तांदूळ निवडायची, मी बॉनेटखाली वाकलेला असायचो, आणि ती बघत होती. अर्थिंग कुठे द्यायचं, जोड ओला होऊ नये म्हणून काय करायचं, सगळं बघत होती. आणि खाली आल्यावर, लांतूच्या त्या फरशीच्या थंडगार स्वयंपाकघरात, ज्यात काहीही फुगत नाही, तिने कुणाकडे काही मागितलं नाही. जुन्या खोक्यात मोठा बल्ब लावला, एवढंच. मी वर गाडी नेली तर तिच्या पिठाचं काय, असा विचार माझ्या इतक्या रात्रींच्या वाक्यांत एकदाही आला नव्हता. मी फक्त माझ्या उताराबद्दल बोलत होतो. त्या सकाळी मला एकदम फार सुखी वाटलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकत्र, आणि मी कुणी बघत नाहीसं पाहून बल्ब जसा होता तसाच फडक्यात गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी मी बॅटरीची केबल स्वतःच्या हाताने नीट आवळली. मध्ये दिवा नाही, काही नाही. चाकाखाली दगड लावला आणि घरात गेलो. थोड्या वेळाने चपलांची फरफर, दाराची कुरकुर. मी खिडकीशी गेलो नाही. त्या रात्री स्वप्न पडलं नाही.

शनिवारी मुफू असे फुगले होते की माहेफाने न विचारता तिसरा घेतला. गाडी अर्थातच मेलेली. मला ते आधीच ठाऊक होतं, आणि राबेला काय सांगायचं तेही ठरलं होतं. पण बाकुलीला काय सांगायचं ते अजून ठरत नव्हतं. एवढ्यात तीच पदराला हात पुसत बाहेर आली.

"ढकलायची ना?" ती म्हणाली. "मग मी बसते आत. तू ढकल. माहेफाच्या अंगात काय जोर आहे."

"तू? तुला काय येतं?"

"बसते तर खरी."

"गुडघा?"

"क्लचला पायऱ्या नसतात," ती म्हणाली आणि दारात ठेवलेली हंडी आणि साचा उचलून मागे ठेवून चालवायच्या सीटवर चढून बसली. लांतू दारात येऊन उभी राहिली. मी दगड काढून बाजूला ठेवला. मी, माहेफा आणि दोन गडी मागे लागलो. फाटकातून बाहेर, गल्लीत, आणखी थोडं, आणि आता सांगावं सोड म्हणून, एवढ्यात तिनेच सोडला. अगदी वेळेवर. गाडी खोकली, उसळली आणि सुरू झाली. मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिलो, वाटलं आता ती थांबेल. ती थांबली नाही. कात्रेल गल्लीच्या टोकापर्यंत गेली, हळूच वळली, बांधाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली, धुक्यात वर गेल्यासारखी झाली आणि मग वळून, नाक आमच्याकडे करून उभी राहिली.

"दगड आण!" तिकडून हाक आली. "ब्रेकवर पाय किती वेळ ठेवू?"

मी अंगणात परत गेलो, दगड उचलला आणि निघालो. दगड जड नव्हता, पण मी सावकाश चाललो. गल्लीच्या टोकानंतर माझ्या पोटऱ्यांना कळायला लागलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण रस्ता चढत होता. थोडासाच. चार घरं घरंगळण्यापुरता. बांधावर कामाला निघालेली माणसं आणि सायकली एकामागून एक येत होती, आणि दोघी बायका गाडीपाशी थांबून आत हंडीकडे बघत होत्या.

"इथे चढ आहे हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"गुडघ्याने. रोज दुपारी इथवर येते मी. तू बॉनेटखाली असायचास, नाहीतर टेकडीकडे बघत." तिने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. "राबेला सांग, अंथरूण उचलून ठेव म्हणावं. जूनमध्येच फोन केला होता त्याने लांतूला, भाऊ येणार आहे, गादी घालू की चटई, म्हणून."

मी दगड दुसऱ्या हातात घेतला. "मग तू काही बोलली का नाहीस?"

"गाडी सुरूच होत नव्हती ना तुझी," बाकुली म्हणाली. "म्हटलं, जाईल कशाने."

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती, गंभीर चेहऱ्याने, सराईत टॅक्सीवाल्यासारखी.

"आणि तो मोठा बल्ब?"

"थंडी होती," ती म्हणाली. "दगड लाव. पाय अवघडला."

मी वाकलो आणि दगड पुढच्या चाकाखाली सरकवला, चपटी बाजू खाली करून. तिने ब्रेकवरचा पाय काढला. गाडी जराशी पुढे कलली, दगडाला टेकली आणि थांबली.